उग्रदंष्ट्राचा पहिला हुकूम

उग्रदंष्ट्र जन्मतःच दुष्ट होता की कोणे एके काळी सज्जन होता, या प्रश्नावर लागोपाठ तीन रविवार वाद झाला. त्यांपैकी दोन रविवार हैदराबादच्या तारनाक्याला तातेराव खिल्लारे यांच्या घरी आणि तिसरा आबिड्सला. उग्रदंष्ट्र हा कोणी ऐतिहासिक पुरुष नव्हे. तो संगणकावर खेळायच्या एका खेळातला खलनायक. सात दरवाजांच्या काळ्या किल्ल्यात, सातव्या दरवाजामागे, खेळणाऱ्याची वाट पाहत बसलेला. त्याचे वय अवघे चार महिने होते. तातेरावांच्या मुलीने, गीताने, त्याला निर्माण केले होते, आणि येत्या शनिवारी त्याच्यावरच तिचे पुढचे काम अवलंबून होते.

सन एकोणीसशे नव्याण्णवचा नोव्हेंबर चालू होता. आबिड्सच्या पोस्टामागच्या गल्लीत, साड्यांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, विजय नावाच्या तेलुगू गृहस्थांनी नऊ संगणक मांडून कंपनी काढली होती. त्यांपैकी आठांवर दिवसभर तारखा तपासल्या जात. अमेरिकेतल्या कंपन्यांनी आपल्या नोंदींत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिले होते, आणि दोन हजार साल उजाडताच यंत्रे ते एकोणीसशे समजतील, अशी साऱ्या जगाला भीती होती. ती भीती हैदराबादेत अनेकांना पगार देत होती. नवव्या संगणकावर गीता हा खेळ तयार करीत होती. त्याची मराठी आवृत्ती महाराष्ट्रात विकू इच्छिणारे पुण्याचे वितरक अनिलराव शनिवारी नमुना पाहायला येणार होते. त्यांना तो पसंत पडला, तर खेळ पुरा होणार आणि त्याची सूत्रे गीताकडे राहणार. नाही पडला, तर सोमवारपासून नववा संगणकही तारखांना. विजयसरांनी हे तिला धमकी म्हणून नव्हे, वेळापत्रक म्हणून सांगितले होते.

अनिलरावांची अट एकच होती: खलनायक असा हवा की मुलांनी त्याला विसरू नये. विजयसरांनी तिचा अर्थ आपल्या परीने लावला. "फुल ईव्हिल," ते म्हणाले. "पास्ट नक्को, रोना नक्को. आया, मारा, हँसा."

आता या 'आया, मारा, हँसा'ला मराठी शब्द हवे होते, आणि येथे गीताची अडचण झाली. ती मराठी बोलत असे भरभर आणि वाचत असे बोट ठेवून. शाळा इंग्रजी, मैत्रिणी तेलुगू, बाजार दखनी. मराठीच्या वाट्याला फक्त घर आले होते. राजेमहाराजांच्या तोंडी शोभेल अशी भाषा त्या घरात एकाच माणसाजवळ होती. तातेराव रेल्वेच्या कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते, आणि जुने गद्य, बखरी, पत्रव्यवहार यांचे मोठ्याने वाचन हा त्यांचा सकाळचा व्यायाम होता. तिने खलनायकाचे संवाद त्यांना लिहायला सांगितले. आवाजासाठी तिने हिम्मतरावकाकांना गाठले. हिम्मतराव हे तातेरावांचे रेल्वेतलेच स्नेही. त्यांनी बत्तीस वर्षे उद्घोषकाचे काम केले होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर किती वेळाने येणार, हे ध्वनिक्षेपकावरून सांगणारा आवाज तो त्यांचा. तो आवाज भरदार होता, खोल होता, आणि आता काचीगुड्याच्या दोन खोल्यांत पत्नी तारामतीला भाजीचे भाव सांगण्यापलीकडे त्याला काही काम उरले नव्हते. दर रविवारी ते बसने तारनाक्याला येत आणि दोन मित्र कोणत्या ना कोणत्या विषयावर भांडत. या वेळी विषय गीताने पुरवला.

"हे नाव याला कोणी ठेवले?" पहिल्या रविवारी कागद हाती घेताच तातेरावांनी विचारले.

"मी, बाबा."

"तू नव्हे. खेळातल्या जगात. त्याच्या आईने ठेवले का?"

"असेल. काय फरक पडतो?"

"फार पडतो. उग्रदंष्ट्र म्हणजे भयंकर दाढांचा. बारशाच्या दिवशी मुलाला एकही दात नसतो. तेव्हा हे नाव बारशाचे असूच शकत नाही. ते पुढे पडले. म्हणजे त्याआधी त्याला दुसरे नाव होते, आणि ते कोणीतरी लाडाने ठेवले होते. मग त्या नावाचा मुलगा कुठे गेला, हे सांगायची जबाबदारी तुझ्यावर येते."

हा युक्तिवाद दिसतो तितका पोरकट नाही. कार्य आहे तेथे कारण असलेच पाहिजे, एवढेच त्यात गृहीत धरले आहे. परंतु हिम्मतराव गृहीतकांना भीक घालणारे नव्हते.

"काही लेकरं दात घेऊनच येतात, तातेराव. आमच्या गावात एक जन्मलं होतं."

"मग ते पुढे राक्षस झाले काय?"

"नाही. पटवारी झालं."

"मग भाऊजींचंच खरं म्हणायचं," आतून गीताची आई, मालनबाई, म्हणाल्या.

तो रविवार असा गेला. तातेरावांनी संवाद मात्र लिहिले. सातव्या दरवाजावरचे पहिले वाक्य त्यांनी सहा वेळा खोडून सातव्यांदा कायम केले: "हे पांथस्था, तू सहा दरवाजे ओलांडून येथवर आलास, हे तुझे शौर्य मी मान्य करतो, परंतु सातव्या दरवाजातून जो आत येतो तो बाहेर जात नाही, असा या किल्ल्याचा नियम आहे, आणि तो तुझ्यासाठी बदलता येणार नाही."

गीताने बोटांवर शब्द मोजले. मोजता मोजता तिची बोटे संपली.

"बाबा, एवढं वाक्य होईपर्यंत प्लेअर त्याला तीनदा मारेल."

"समोरचा बोलत असताना मारायचे, ही कुठली रीत?"

"गेममधली."

"मग गेमला रीत शिकव," तातेराव म्हणाले, आणि एका स्वल्पविरामाचीही काटछाट करू देईनात.

दुसऱ्या रविवारी हिम्मतराव तयारीने आले. मिरचीची भजी समोर येईपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही.

"हे बघा. माझ्या बापाच्या रानात गाजरगवत माजायचं. उपटावं तितकं यायचं. त्याला कोणी दुखावलं होतं का? त्याचा कोणी अपमान केला होता? ते मुळातच तसं. तुमचा उग्रदंष्ट्र बी तसाच."

"गाजरगवत आपल्या रानातले नव्हे. ते परदेशी गव्हाबरोबर आले. त्याच्या देशात ते कसे वागत होते, हे तुम्हांला ठाऊक नाही."

"बरं, गवत सोडा. मला घ्या." हिम्मतरावांनी छातीवर हात ठेवला. "पंच्याण्णव साली माझ्या खोलीत यंत्र आणून बसवलं. कुठल्या तरी बाईचा आवाज आधीच भरून ठेवलेला. आकडा दाबला की ती बोलते. बत्तीस वर्षं बसलेला माणूस एका दिवसात खुर्चीवरून उठला. दुखावलो की नाही? दुखावलो. मग मी झालो का राक्षस? यंत्र बसवणाऱ्या पोरांना मी स्वतः चहा पाजला. म्हणजे दुखावल्यानं माणूस बिघडत नसतो. बिघाड मुळातच असावा लागतो. जन्मतःच."

गीताने मनात म्हटले, काकांनी जिंकले. तिने वडिलांकडे पाहिले. तातेरावांनी हातातले पुस्तक मिटले, आणि नेहमीचा चढा स्वर सोडून ते बोलले.

"तुमचा दाखला खरा आहे, हिम्मतराव. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. परंतु अमका जन्मतःच तसा, हे वाक्य गावाने माझ्या बापाविषयी म्हटलेले मी ऐकले आहे. रागाने म्हणत नसत. आज ऊन आहे, असे सांगावे तसे म्हणत. चांगली माणसे म्हणत. म्हणून या घरात ते वाक्य कोणाविषयीही म्हणता येणार नाही. राक्षसाविषयीही नाही."

भजी निवत होती. तीस वर्षांच्या स्नेहात जातीचा हा विषय दोघांनी एकमेकांपुढे कधी काढला नव्हता. काढायची गरज पडली नव्हती. हिम्मतरावांनी कप खाली ठेवला.

"वहिनी," ते मालनबाईंना म्हणाले, "माझा शब्द मी मागं घेतो. मत नाही. शब्द."

"मत राहू द्या, भाऊजी. तुम्ही बी हेच म्हणायला लागलात तर हे पुढच्या रविवारी भांडतील कुणाशी? माझ्याशीच. घ्या, गार झाली तरी मिरची ती मिरचीच."

हिम्मतरावांनी मिरची घेतली, ती त्यांना लागली, आणि मंडळी पूर्वपदावर आली.

तिसऱ्या रविवारी ध्वनिमुद्रण होते. रविवारी आबिड्सची दुकाने बंद असतात आणि फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. त्या बाजारातून तातेरावांना ओढून वर नेण्यात पाऊण तास गेला. कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत गीताने भिंतींना घरच्या चार गोधड्या टांगल्या होत्या, म्हणजे आवाज घुमू नये. पंखा बंद होता. हिम्मतराव मधल्या स्टुलावर बसले, चष्मा पुसला, आणि समोरचे ध्वनिग्राहक पाहताच त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. चार वर्षांनी त्यांच्यापुढे ते यंत्र आले होते.

त्यांनी वाक्य वाचले. प्रत्येक अक्षर स्पष्ट होते. प्रत्येक विराम तातेरावांनी योजला होता तेथेच आला. नियम बदलता येणार नाही, हे त्यांनी अशा अदबीने सांगितले की, पुढे 'होणाऱ्या असुविधेबद्दल खेद आहे' एवढेच म्हणायचे राहिले.

विजयसरांनी कानांवरचे हेडफोन काढले. "अंकल, ये विलेन है कि इन्क्वायरी काउंटर?"

"थोडा रुबाब आणा, काका," गीता म्हणाली.

दुसऱ्यांदा रुबाब आला. तो मंत्र्यांची गाडी येत असल्याचा होता. तिसऱ्यांदा विजयसरांनी हात जोडले. "गुस्सा लाओ अंकल, गुस्सा." हिम्मतरावांनी गुस्सा आणला आणि त्यांना ठसका लागला. बत्तीस वर्षे लोक त्यांच्या नावाने ओरडले होते. ते स्वतः कधी ओरडले नव्हते, आणि ही विद्या साठाव्या वर्षी येत नाही.

"त्याला मनातून दुष्ट समजा," तातेरावांनी सुचवले. "तुमचेच मत आहे ते."

"समजतोच आहे की! समजून बी तोंडातून हेच निघतंय."

"म्हणजे तुमच्या मताला तुमचा आवाज साक्ष देत नाही. तो म्हणतो, हा माणूस मूळचा सभ्य होता."

"नाही. तो म्हणतो, हा माणूस गोड बोलून गळा कापतो. ह्याच्याइतका वाईट दुसरा कोण?"

एकाच आवाजातून दोघांनी परस्परविरुद्ध सिद्धान्त काढले, आणि दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते, ही त्या रविवारची मोठी अडचण होती. अकराव्या प्रयत्नानंतर विजयसरांनी स्टूल स्वतःकडे ओढले, तीच वाक्ये दोन-दोन शब्दांत तोडून स्वतः वाचली, आणि संगणकाकडून आपला आवाज खालच्या पट्टीत ओढून घेतला. घशात बस अडकल्यासारखा तो आवाज झाला. "ये है विलेन," ते समाधानाने म्हणाले. "गीता, दोनों रख ले. सैटरडे को कौनसा लगाना, तू देख."

कोणता लावायचा, हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गीताने पाहिले नाही, पाहायचे टाळले. काकांचा आवाज लावला तर सोमवारी तारखा, विजयसरांचा लावला तर काकांना तोंड कसे दाखवायचे, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न खेळाविषयीचा नव्हता, हे तिलाही कळत होते. शेवटी तिने पलीकडच्या टेबलावर तारखा तपासणाऱ्या, महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या ज्योतीला बोलावले.

"हे दोन्ही खेळून सांग ना, प्लीज. कुठला भारी वाटतो."

ज्योतीने आधी बस अडकलेला उग्रदंष्ट्र घेतला. तो गुरगुरला. तिने सात सेकंदांत त्याला मारले आणि डब्यातले उरलेले शेंगदाणे काढले.

मग दुसरा लावला. "हे पांथस्था," हिम्मतराव म्हणाले, "तू सहा दरवाजे ओलांडून येथवर आलास…" ज्योतीचा हात कळांवरून उचलला गेला. शेंगदाण्याचा घास तसाच राहिला. वाक्य पुरे व्हायच्या आधीच उग्रदंष्ट्राने शांतपणे तलवार काढली आणि तिला मारले.

"अरे! लक्षच नव्हतं. परत लाव."

परत तेच झाले. तिसऱ्यांदाही झाले. चौथ्यांदा ती दात आवळून बसली, आणि "नियम आहे" या शब्दांपाशी पुन्हा थांबली.

"तू थांबतेस कशाला?" गीताने विचारले.

"बोलतोय ना तो! स्टेशनवर बोलायला लागले की आपण थांबतो ना? काय सांगतोय ते ऐकायला नको?" ज्योती चिडून म्हणाली. "फार वाईट आहे हा. एकदाच लाव अजून."

गीताने विजयसरांच्या खोलीत जाऊन सांगितले, की काकांचा आवाज ठेवणार. त्यांनी कारण विचारले नाही; समोर तारखांचा ढीग होता. "तेरी मर्जी," ते म्हणाले. "मंडे भी तेराच है."

शनिवारी अनिलराव अकराला आले. गोल चेहऱ्याचा, घाम पुसणारा, मृदू माणूस. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितले आणि बाह्या दुमडल्या. आयत्या वेळी एखादे वाक्य पुन्हा भरावे लागलेच, तर म्हणून हिम्मतरावांना बोलावलेले होते. तातेराव न बोलावता आले होते. वाद अपुरा असताना एका पक्षाला तेथे एकटे सोडणे त्यांना अन्यायाचे वाटले. दोघे मागच्या बाकावर बसले.

सहा दरवाजे अनिलरावांनी सराईतपणे ओलांडले. सातवा उघडला. आवाज सुरू झाला, आणि त्यांचा हात थांबला.

ते मेले.

"एक मिनिट," ते म्हणाले, आणि पुन्हा गेले, आणि पुन्हा मेले. तिसऱ्यांदा मरताना ते हसले. चौथ्यांदा हसले नाहीत. विजयसरांनी गीताकडे असे पाहिले, की त्या पाहण्यात सोमवार स्पष्ट दिसत होता.

"सर, इसका दूसरा वॉइस भी है. एकदम डेंजर. लगाऊं?"

"नको, नको." अनिलराव खुर्चीत मागे रेलले. "मला या माणसावर वार करता येत नाहीये. बोलतोच असा. गीता, हा आधी कोण होता?"

"कोई नहीं, सर," विजयसर घाईने म्हणाले. "फुल ईव्हिल. कंप्लीट."

"मूळचा सज्जन," मागच्या बाकावरून तातेराव उठले. "याला मी प्रमाण देऊ शकतो."

"सज्जन कुठला?" हिम्मतरावही उठले. "साहेब, हा माणूस गोड बोलतो हाच त्याचा…"

"बाबा, काका, दोन मिनिटं!" गीता म्हणाली. मग तिच्या लक्षात आले की, आता सगळे तिच्याकडे पाहत आहेत. सज्जन होता म्हणावे तर विजयसर तिथल्या तिथे दुसरा आवाज लावतील. कोणीच नव्हता म्हणावे तर अनिलरावांचा प्रश्न मेला, आणि प्रश्न मेला की मागणीही मेली. आणि या दोन्हींपैकी एकही तिला स्वतःला खरे वाटत नव्हते. चार दिवस तिने तो आवाज कापला होता, जोडला होता, मागेपुढे करून ऐकला होता. त्या आवाजाचा माणूस कसा असेल, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ती सावकाश बोलू लागली.

"सर, तो चांगला होता असं नाही. वाईट होता असं पण नाही. किल्ल्याच्या दरवाज्यावर उभं राहून राजाचे हुकूम वाचून दाखवायचे, हे त्याचं काम होतं. वीस वर्षं. चांगला हुकूम आला तरी हाच आवाज. कुणाचं घर पाडायचा आला तरी हाच आवाज. लोकांना राजा कधी दिसलाच नाही. त्यांना हाच ऐकू यायचा. आणि मग एक दिवस वरून हुकूम आलाच नाही, तरी त्यानं वाचला. स्वतःच्या मनचा. आणि लोकांनी मानला."

अनिलराव पुढे वाकले.

"काय होता तो पहिला हुकूम?"

गीताने इतका पुढचा विचार केला नव्हता. विजयसर खिडकीबाहेर पाहू लागले.

"दरवाजा आज जरा उशिरा बंद होईल," हिम्मतराव म्हणाले.

ते अजून उभेच होते. सगळ्यांनी मागे वळून पाहिले.

"हे तुम्ही कशावरून म्हणता?" तातेरावांनी विचारले, पण त्या विचारण्यात नेहमीची धार नव्हती.

"कारण मी केलंय हे, तातेराव. एकदा. कुठल्या स्टेशनावर ते विचारू नका, पेन्शन चालू आहे." ते बाकाच्या कडेवर बसले. "खोलीच्या खिडकीतून पूल दिसायचा. एक बाई पुलावरून धावत होती. कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं. गाडी सुटायला एक मिनिट. मला काय झालं कुणास ठाऊक, मी बटण दाबलं आणि म्हटलं, गाडी तीन मिनिटं उशिरा सुटेल. मला कोणी सांगितलं नव्हतं. सिग्नल हिरवा होता. गार्डानं माझ्या खोलीकडं बघितलं, आणि झेंडा खाली घेतला."

"बाईला मिळाली गाडी?" अनिलरावांनी विचारले.

"मिळाली की. चढली, बसली, गेली."

"मग यात वाईट काय झालं?"

"वाईट काहीच झालं नाही, साहेब. तीच तर गोष्ट आहे. त्या दिवशी घरी जेवण इतकं गोड लागलं की विचारू नका. आख्खी गाडी माझ्या तोंडच्या शब्दावर थांबली होती! दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि पुलाकडं बघतच बसलो. कोणी धावतंय का. कोणी धावावं असं वाटायला लागलं. मग उठलो आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. रिटायर होईपर्यंत तो पडदा मी उघडला नाही."

हिम्मतरावांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला. "तारामतीला बी सांगितलं नव्हतं कधी," ते पुटपुटले.

"यानं पडदा ओढला नाही, सर," गीता अनिलरावांना म्हणाली. "एवढंच."

अनिलरावांनी पडद्यावरच्या उग्रदंष्ट्राकडे पाहिले. तो सातव्या दरवाजात उभा होता, पुढल्या पांथस्थाची वाट पाहत. "खेळाची सुरुवात तिथून करा," ते म्हणाले. "पहिल्या दरवाजावर तो हुकूम वाचतोय, आणि खेळणारा उशिरा आलेला आहे. त्याच्यासाठीच दरवाजा उघडा राहतो. पुढे ज्याला मारायचंय, त्याचे आधी आभार मानायला लागले पाहिजेत मुलांनी. जमेल ना, गीता? मार्चपर्यंत?"

"एप्रिल," गीता म्हणाली.

"मार्च," विजयसर म्हणाले. आता त्यांना आवाज फुटला होता. "हो जाता सर, मार्च में. गीता, मंडे को डेट्स नक्को. ज्योती को भी तेरे साथ ले ले. उसको मरने की आदत हो गई."

पलीकडे ज्योतीने तारखांची फाइल इतक्या जोरात बंद केली की अनिलराव दचकले. चहा आला, बशीत उस्मानिया बिस्किटे होती, आणि अनिलरावांनी ती चहात बुडवून खाल्ली म्हणून विजयसरांना ते एकदम आपले वाटू लागले. त्या गडबडीत मागच्या बाकावर आपोआप जुना वाद पेटला.

"पहिला हुकूम दयेचा होता, हे तुम्हीच सांगितले," तातेराव म्हणाले. "म्हणजे तो मूळचा सज्जन. माझे म्हणणे सिद्ध झाले."

"हौ, दयेचा होता. पण गोडी लागली ती कुठून आली? ती तर कोणी बाहेरून आणून घातली नाही."

"ती तुम्हांलाही लागली. मग तुम्हांला काय म्हणायचे?"

"मला घाबरट म्हणा. मी पडदा ओढला."

"याला घाबरट म्हणत नाहीत," तातेराव म्हणाले, आणि मग याला नेमके काय म्हणतात, तो शब्द शोधू लागले. शब्द मिळेना. त्यांच्याजवळ शब्द नसण्याचा प्रसंग विरळा. हिम्मतरावांनी त्याचा आनंद लुटत आणखी एक बिस्किट उचलले.

गीता वही घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर येऊन बसली. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवून, अडखळत, स्वतःच्याच अक्षरातला पहिला हुकूम वाचला. मग पेन उघडले.

"आता दुसरा सांगा. बाईला गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी कोणी धावत आलं नाही. मग त्यानं काय वाचलं?"

"मला नको विचारू, पोरी," हिम्मतराव म्हणाले. "मी तिथवर गेलो नाही. बापाला विचार."

तातेरावांनी चष्म्यावरून एकदा मित्राकडे आणि एकदा मुलीकडे पाहिले. दया करायला माणूस समोर नाही, आणि दया करायची गोडी तर लागलेली. अशा वेळी सभ्य माणूस कोणता हुकूम काढील? ते उत्तर द्यायला सरसावले, थांबले, पुन्हा सरसावले.

"हे अवघड आहे," अखेर ते म्हणाले. "मला उद्यापर्यंत मुदत दे."

"उद्या रविवार आहे," हिम्मतराव म्हणाले. "मी दहाच्या बसनं येतो."